एका बाहीचे सदरे

नंदुरबारला बिऱ्हाड मांडलं त्याच आठवड्यात माझं ठाम मत झालं, की शेजारचा शिंपी एक तर आळशी असावा, नाही तर अर्धवट. आमचे यजमान रेल्वेत मालबाबू होते. स्टेशनाजवळ एका ओळीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या आणि भिंतीला भिंत लागून दामोदर शिंप्याचं दुकान होतं. दुकान पुढे, घर मागे. सकाळी ओट्यावर तांदूळ निवडत बसले की रुळांपलीकडच्या कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, काम करणारी माणसं समोरून जात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या सदऱ्याला एकच बाही असे. उजवी मनगटापर्यंत व्यवस्थित, बटण लावलेली; डावीकडे नुसता उघडा दंड. हे सदरे शेजारच्याच दुकानात शिवले जातात हे कळल्यावर मी यजमानांना म्हटलं, "तुमचा कोट तिकडे मुळीच द्यायचा नाही."

पण गावात दुसरा चांगला शिंपी लांब होता, आणि कोट उसवलेला होता. शेवटी मीच गेले. दुकानात भिंतीला एका ओळीत खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीवर एक-एक सुटी बाही टांगलेली. एखादी पांढऱ्या मांजरपाटाची, एखादी पट्ट्यापट्ट्यांची. यंत्रामागे साठीला टेकलेला, हडकुळा, गळ्यात तुळशीची माळ आणि तिच्यावरून मापाची फीत टाकलेला माणूस बसला होता. मी न राहवून विचारलं, की या बाह्या लावायच्या कधी?

त्यांनी दातांतली सुई काढली. "त्या ज्यान्या त्याले कमावन्या पडतीन, ताई. मन्हा हातमा काही नही."

ही आमची पहिली भेट. गाव त्यांना जिभाऊ म्हणे. खानदेशात वडीलधाऱ्या माणसाला असं म्हणतात. मीही त्याच दिवसापासून जिभाऊ म्हणू लागले, आणि कोट तिथेच ठेवून आले.

जिभाऊ मूळचे शहाद्याकडच्या ब्राह्मणपुरीचे. भाऊबंद शेतीत, हे एकटे यंत्र घेऊन नंदुरबारला आलेले. बोलायचे अहिराणी, तीही तोंडात सुई धरून, त्यामुळे पहिले काही महिने मला निम्मंच समजे. माणूस समोर आला की नमस्काराआधी त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून, छातीवरून फिरे. माझ्या यजमानांना एकदा रस्त्यात थांबवून त्यांनी सांगितलं होतं, की तुमचा डावा खांदा उतरलाय, पिशवी हात बदलून धरत जा. ते खरं निघालं म्हणून यजमानांना फार राग आला होता.

त्यांच्या या नजरेला आणखी एक गोष्ट दिसे. जिनामागे रुळांच्या पलीकडे एक झोपड्यांची वस्ती होती. सातपुड्यातून, धडगावकडून, जिनाच्या हंगामात कामाला उतरलेली आणि परत न गेलेली भिल्लांची घरं. शिवाय गावोगावचे हमाल, गाडीवाले, कोणी कुठले. सबंध दिवस नाकातोंडात कापसाचं तूस जाई. संध्याकाळी घसा धुवायला म्हणून माणसं सरळ दारूच्या गुत्त्यात शिरत, आणि घशाबरोबर बाकी सगळंही धुऊन निघे. जिभाऊंनी ज्याला सदरा शिवला, तो वर्षाच्या आत त्याच सदऱ्यात सैल दिसू लागे. कॉलर गळ्यापासून सुटे. जिभाऊंना ते बघवत नसे. मी एकदा त्यांना म्हटलं, "जिभाऊ, तुम्ही मोठं पुण्याचं काम करता." तर केवढे वैतागले! "पुण्य कसानं, ताई? दारू पिसन मानूस मरी जास. मंग मी सदरा कोनले शिवू?" आणि यंत्राच्या पायडलवर असा काही पाय मारला, की बोलणं तिथेच संपलं.

हे सदऱ्याचं काय प्रकरण आहे ते मला त्यांच्या बायकोनं, सोनाबाईंनी सांगितलं. सोनाबाई म्हणजे अंगानं जिभाऊंच्या दुप्पट आणि जिभेनं चौपट. भिंतीपलीकडून त्यांचं बोलणं मला रोज ऐकू येई आणि मी ते आवडीनं ऐके. त्यांच्या सांगण्याप्रमाणे जिभाऊंनी आधी शपथेचा मार्ग धरला होता. माळकरी माणूस, भजनीमंडळात टाळ धरणारा. त्यांना वाटलं, वस्तीतल्या लोकांकडून देवाची शपथ घ्यावी, म्हणजे झालं. एका रविवारी ते तुळशीची पानं घेऊन वस्तीत गेले. दहाबारा माणसं जमली. जिभाऊंनी दारूचे तोटे सांगितले, सगळ्यांनी माना हलवल्या. मग जिभाऊ म्हणाले, तुमच्या देवाचं नाव घ्या आणि वचन द्या. सगळ्यांनी आपापल्या डोंगरातल्या देवांची नावं घेऊन, अगदी मनापासून, वचन दिलं. जिभाऊंचे डोळे भरून आले.

तेवढ्यात रूपजी नावाचा एक भिल्ल उठला, झोपडीत गेला आणि बाटली घेऊन बाहेर आला. पळसाच्या पानांचे डोने, म्हणजे द्रोण, वाटले गेले. पहिली धार जमिनीवर सोडली, आणि सगळे प्यायला बसले. जिभाऊ ओरडले, अरे, हे काय चाललंय? रूपजी भाबडेपणानं म्हणाला, "जिभाऊ, आम्ही वचन दिधं ना? मंग ते पक्कं कराले नको का?"

बिचाऱ्यांची लबाडी नव्हती. डोंगरात शब्द दिला की धरतीला धार सोडायची आणि सगळ्यांनी घोट घ्यायचा, त्याशिवाय तो शब्दच नव्हे. सोयरीक असो, भांडणाचा निवाडा असो, बैलांची अदलाबदल असो. दारू सोडायचं वचन कोरडं द्यायचं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. "तुळशीनं पान लिसन गयात," सोनाबाई म्हणाल्या, "आनि दारूना वास लिसन घर उनात." मी पोट धरधरून हसले. जिभाऊ दुकानातून सगळं ऐकत होते. तेही हसत असावेत, कारण यंत्र थांबलं होतं.

तेव्हापासून त्यांनी शपथेचं नाव टाकलं. बाहीची कल्पना मात्र त्यांनी काढलेली नव्हती, ती आपोआप झाली. लढाई सुरू झाली होती, कापड मिळेनासं झालं होतं. याच रूपजीचा सदरा शिवताना कापड एका बाहीला कमी पडलं. जिभाऊंनी सदरा तसाच त्याच्या अंगावर चढवला आणि म्हणाले, दुसरी मिळेल तेव्हा लावू, पण शुद्धीवर असशील तर ये. रूपजी दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. बाही झाली का? नाही झाली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पुन्हा. बाही बघायला माणूस रोज येतोय आणि येताना पीत नाहीये, हे आधी सोनाबाईंच्या लक्षात आलं, की जिभाऊंच्या, यावर त्या दोघांचं शेवटपर्यंत एकमत नव्हतं.

मग तो रिवाजच झाला. ज्याला दारू सोडायची आहे त्यानं यावं. जिभाऊ उरल्यासुरल्या कापडाचा सदरा शिवून देत. एक बाही भरवशावर लगेच लावायची. दुसरी शिवून खुंटीवर टांगायची, ती होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लावायची. होळीच का, तर डोंगरातल्या माणसांचा तोच सगळ्यांत मोठा सण. ढोल वाजतात, माणसं रात्रभर नाचतात आणि मोहाची दारू पाण्यासारखी वाहते. होळीतून जो कोरडा निघाला त्याची काळजी नाही, असा जिभाऊंचा हिशेब. उघड्या दंडानं वर्षभर हिंडायला सुरुवातीला माणसं लाजत. बाजारात पोरं मागे लागत. पण हळूहळू उलटंच झालं. उघडा दंड दिसला की हमाल त्याला विडी देत, चहा पाजत, गुत्त्याकडे पाय वळले तर हाक मारत. आणि गुत्तेवाल्यानं चुकून एकबाहीवाल्याला आत घेतलंच, तर सोनाबाई गुत्त्याच्या दारात जाऊन उभ्या राहत आणि त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करत. गिऱ्हाइकांची करमणूक होई, धंदा होत नसे. तो सोनाबाईंना फार भिऊन असे.

सगळेच सुटले असं नाही. सुपडू नावाचा एक गाडीवाला होता, मोठा गोड माणूस. दोन्ही बाह्या मिळवायचा, महिनाभर मिरवायचा आणि घसरायचा. घसरला की सकाळी स्वतःच दुकानात येऊन मान खाली घालून उभा राही. जिभाऊ रागावत नसत, उपदेश करत नसत. "शिवण उसवनी ना? बठ," एवढंच म्हणत आणि बाही उसवून खुंटीवर टांगत. पुढच्या होळीनंतर पुन्हा लावत. उसवून आणि शिवून, दर वेळी कड थोडी कापून, सुपडूची ती बाही कोपरापर्यंत आली. मी असेपर्यंत तरी तो पूर्ण सुटलेला नव्हता. पण दुकानात यायचा तो कधी थांबला नाही आणि जिभाऊंनी त्याला कधी टाकलं नाही.

पावसाळ्यात जिन बंद असे, हातांना काम नसे आणि पिणं वाढे. तेव्हा जिभाऊ एकबाहीवाल्यांना निंदणीला ब्राह्मणपुरीला आपल्या भाऊबंदांच्या शेतात पाठवून देत. भाऊबंद कुरकुरत, पण ठेवून घेत. बायकांना काजं करायला त्यांनी दुकानातच बसवलं होतं. ओट्यावर चार-पाच जणी सुई घेऊन बसत. त्यांतलीच एक जमनी, रूपजीची बायको.

जमनीची माझी ओळख झाली ती तव्यावरून. मी आल्यानंतर थोड्याच दिवसांत एक काळीसावळी, काटक बाई दारात येऊन म्हणाली, "ताई, तुन्हा तवा दे ना घडीभर. मन्हा तवा त्यानी पी टाका." तवा पिणं म्हणजे काय ते कळायला मला जरा वेळ लागला. रूपजीनं तवा विकून दारू घेतली होती. त्याआधी हंडा प्यायला होता, त्याआधी तिच्या गळ्यातली चांदीची हसळी. हातही उचलायचा. शुद्धीवर असला की तोच माणूस पोरीला बरोबर घेऊन बाजार दाखवायचा. त्या बाहीपासून तो सावरला खरा, पण सावरायला त्याला दोन होळ्या लागल्या. पहिल्या होळीत पडला, तवा गेला तो त्यानंतरच; दुसरीतून निघाला. आणखी एक होळी गेली तेव्हा तो जिनाच्या इंजिनावर कायमचा कामाला लागला होता, झोपडीवर कौलं आली होती, आणि जमनीनं स्वतःच्या कमाईचा तवा घेतला होता. तो तिनं मला मुद्दाम आणून दाखवला. मी त्याच्यावर हळदीकुंकू वाहिलं, तर ती हसून हसून वाकली.

आणि मग त्यांच्या पोरीची, झिणीची सोयरीक आली.

स्थळ धडगावच्याही वरच्या एका पाड्यावरचं होतं. मुलगा जिनात हंगामाला येई तेव्हा झिणीनं त्याला पाहिलेलं होतं, आणि तिला तो मनापासून हवा होता. तिच्या चेहऱ्यावरूनच कळे. मुलाकडची मंडळी डोंगर उतरून, म्हसावदला मुक्काम करून नंदुरबारला येणार होती. आनंदाची गोष्ट. पण जमनी दुकानात काजं करताना एकाएकी रडायला लागली. तिनं सांगितलं, सोयरीक पक्की होते ती दारूनं. मुलाकडचे मोहाची घेऊन येणार. गावचा म्हातारा कारभारी धरतीला धार सोडणार आणि पहिला डोना मुलीच्या बापाच्या हातात देणार. बाप प्याला की पोर दिली. बाप न प्याला तर सोयरीक मोडली. वर त्यांचा अपमान झाला असंही ते धरणार.

जिभाऊंनी यंत्र थांबवलं. "रूपजी काय म्हनस?"

रूपजी काहीच म्हणत नव्हता. तेच तर भय होतं. चार दिवस तो कामावरून येऊन भिंतीकडे तोंड करून पडे. घोट घेतला तर तो गेला, हे त्याला ठाऊक होतं आणि सबंध वस्तीला ठाऊक होतं. घोट घेतला नाही तर पोरीचं लग्न गेलं. जिभाऊ त्याच्याकडे जाऊन बसून आले. परत आले तेव्हा सोनाबाईंनी विचारलं, काय ठरलं? जिभाऊ म्हणाले, काही नाही ठरलं. त्या दिवशी त्यांनी माझ्या यजमानांच्या सदऱ्याची कॉलर उलटी लावली. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून झालेली ती एवढीच चूक मी पाहिली.

सोयरिकीच्या दिवशी आमच्या घरची जाजमं आणि पितळेची भांडी वस्तीत गेली होती, म्हणून मलाही आग्रहाचं बोलावणं होतं. यजमानांच्या बदलीचा हुकूम आलेला, घरात सामान बांधायचं पडलेलं, तरी मी गेले. दुपारची वेळ होती. रूपजीच्या दारापुढे निंबाखाली जाजमं अंथरली होती. एका अंगाला डोंगरातली मंडळी, मधोमध त्यांचा कारभारी वेस्ताबाबा. चांगला थकलेला म्हातारा, पण ताठ. दुसऱ्या अंगाला रूपजी आणि वस्तीतले लोक; त्यांतच कडेला जिभाऊ. आम्ही बायका ओट्यावर. झिणी आत कुडाला टेकून उभी होती. तिचं एक बोट फटीतून बाहेर आलेलं मला दिसत होतं.

बोलणी झाली. हसणं-खिदळणं झालं. मग भोपळ्याच्या तुंब्यातून मोहाची डोन्यात ओतली गेली, तिचा वास माझ्यापर्यंत आला. वेस्ताबाबांनी पूर्वजांची नावं घेतली, जमिनीवर धार सोडली आणि डोना रूपजीपुढे धरला.

रूपजीनं हात पुढे केला नाही.

वेस्ताबाबा त्यांच्या बोलीत काही म्हणाले. शेजारच्या बाईनं मला सांगितलं, बाबा म्हणतायत, एवढा त्रास असेल तर नुसता ओठाला लाव, पुरे. म्हातारा समजूतदार होता. त्याला सोयरीक मोडायची नव्हती. पण रूपजी वेस्ताबाबांकडे न बघता जिभाऊंकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जिभाऊ, ओठले लागनी का मी गया. माले माहीत शे."

आत झिणीचं बोट फटीतून नाहीसं झालं. मला इतकं वाईट वाटलं, की मी मान फिरवली. एवढ्या माणसांत, पोरीच्या सासरच्यांसमोर, स्वतःचं असं उघडं करून सांगायला काय लागतं ते मला ठाऊक नाही. मुलाकडची माणसं आपसांत कुजबुजू लागली, दोघे तर उठून उभे राहिले. वेस्ताबाबांनी हातानं त्यांना खाली बसवलं आणि पुन्हा काही विचारलं. शेजारची बाई म्हणाली, बाबा विचारतायत, बापाला होत नसेल तर बापाच्या जागी त्याचा भाऊ बसतो. आहे का कोणी भाऊ?

रूपजीला एकच भाऊ होता आणि तो कधीच वारला होता.

मग जिभाऊ उठले. माझ्या आधी ते सोनाबाईंनी पाहिलं, कारण त्यांनी माझा दंड घट्ट धरला. जिभाऊ पुढे गेले आणि म्हणाले, "त्याना भाऊ मी शे. मी बठस त्यानी जागावर."

वस्तीतल्यांना हसावं की रडावं कळेना. हा माळकरी माणूस, दारूचं नाव काढलं तर आंघोळ करणारा! वेस्ताबाबांनी त्यांच्या गळ्यातल्या माळेकडे, फितीकडे पाहिलं. तो शिंपी, हा भिल्ल, भाऊ कसा? त्यांचा प्रश्न समजायला मला शेजारणीची गरज पडली नाही.

उत्तर जमनीनं दिलं, आणि एक शब्दही न बोलता दिलं. ती ओट्यावरून उठली. रोज जिभाऊंसमोर उघड्या डोक्यानं बसून, त्यांच्याशी तोंड भरून बोलणारी ही बाई. तिनं पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढला, अंग चोरलं आणि जिभाऊंकडे पाठ करून उभी राहिली. थोरल्या दिरासमोर बाई उभी राहते तशी. डोंगरातही तीच रीत आहे, मैदानातही तीच. जेठासमोर तोंड दाखवायचं नाही. एवढ्या माणसांच्या देखत तिनं जिभाऊंना आपला जेठ करून टाकलं. बाईमाणसानं जेठ मानला म्हटल्यावर बाकीच्यांनी काय बोलायचं? वेस्ताबाबांनी तिच्याकडे बघितलं, मान डोलावली आणि डोना जिभाऊंकडे वळवला.

जिभाऊंनी ओट्याकडे पाहिलं. माळ काढल्याशिवाय पिता येणार नव्हतं, आणि माळ उतरवणं म्हणजे काय ते माळकऱ्यालाच माहीत. सोनाबाई उठून पुढे गेल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. "आते काय देखतस मन्हाकडे? द्या ती माळ आठे." त्यांनी ती माळ पदरात घेतली, पदर कमरेला खोचला आणि परत माझ्याजवळ येऊन बसल्या.

जिभाऊंनी डोना दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि काढा घ्यावा तसा एका दमात रिकामा केला. मग जो ठसका लागला! नाकातोंडातून पाणी. वेस्ताबाबा स्वतः उठून त्यांची पाठ चोळू लागले. दम परत आल्यावर जिभाऊंनी रिकाम्या डोन्याकडे अगदी अविश्वासानं बघितलं आणि म्हणाले, "हाई पेवाकरता लोके घरदार इकतस का?"

पहिला रूपजी हसला. असा हसला, की त्याला बसवेना. मग वस्ती हसली, आणि त्याचा अर्थ सांगितल्यावर डोंगरातली मंडळीही. झिणी सगळी रीत विसरून दारातून बाहेर आली. ढोल वाजला. माझ्या छातीवरचा दगड उतरला आणि मी सोनाबाईंच्या गळ्यात पडून रडले. रिवाजाप्रमाणे मुलाकडचा म्हणून दुसराही डोना आला. जिभाऊंनी तोही घेतला. नाही म्हणून चाललं नसतं.

पुढचं आधी सांगून टाकते. आम्ही त्याच आठवड्यात नंदुरबार सोडलं, त्यामुळे हे मला तिकडून येणाऱ्या गार्डांकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. भजनीमंडळानं जिभाऊंच्या हातातला टाळ काढून घेतला. ते रागावले नाहीत. मंदिराबाहेर पायरीवर बसून तिथूनच म्हणू लागले. त्यांचा आवाज असा चढा, की आतल्यांचं भजन त्यांच्या मागे मागे जाई. शेवटी कंटाळून मंडळानं त्यांना आत घेतलं आणि माळ रीतसर पुन्हा घातली. झिणीचं लग्न होऊन ती डोंगरात नांदायला गेली. रूपजी इंजिनावरच होता, आणि एका गार्डाच्या म्हणण्याप्रमाणे चांगलाच सुटला होता. म्हणजे पोट.

पण मला जिभाऊ आठवतात ते त्या दुपारचे. पंगत उठली, आम्ही घराकडे निघालो. जिभाऊ उभे राहिले आणि पुन्हा खाली बसले. "सोना, जमीन हाली ऱ्हायनी का व?" त्यांनी विचारलं. "जमीन नही हालत. तुम्हीन हाली ऱ्हायनात," सोनाबाई म्हणाल्या. रूपजीनं पुढे होऊन त्यांच्या काखेत हात घातला आणि त्यांना उचलून उभं केलं.

वस्तीतून गावात यायला सरळ रस्ता गुत्त्यावरून होता. दारू सोडल्यापासून रूपजी त्या रस्त्यानं जात नसे. रुळांवरून लांबचा वळसा घाली. पण जिभाऊंच्या पायांत त्या दिवशी वळशाइतकं बळ नव्हतं. रूपजी क्षणभर थांबला आणि मग सरळ रस्त्याला लागला. मागून मी आणि सोनाबाई. ऊन उतरलं होतं. गुत्ता उघडा होता, आत गर्दी होती, आणि गुत्तेवाला हे दृश्य बघायला गल्ला सोडून दारात आला होता. जिभाऊ त्याला रामराम करायला थांबले आणि त्याच्या छातीचं माप घ्यायचा आग्रह धरून बसले. दारू प्यायलेल्या माणसाला बघून मला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नाही. रूपजीनं त्यांना हळूच पुढे काढलं. त्यानं दाराकडे बघितलं नाही, की आतल्यांनी मारलेल्या हाकेला ओ दिली नाही. त्याचं सगळं लक्ष जिभाऊंच्या पायांकडे होतं.

"हाळू, जिभाऊ," तो म्हणत होता. "आठे खड्डा शे."